एक जोडणी, अनेक उपकरणे : घरातील बिनतारी जाळ्याचा वेग

खेड्यातील प्राथमिक शिक्षकाच्या घरी सायंकाळी सात ते नऊ हा काळ अलीकडे फार गर्दीचा झाला आहे. थोरली मुलगी मोबाइलवर गणिताचा पाठ पाहत असते, धाकट्याने दूरचित्रवाणी संचावर काहीतरी लावलेले असते, गृहिणी परगावी असलेल्या आईशी चित्रसंभाषण करीत असते, आणि स्वतः गुरुजी लॅपटॉप उघडून यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेची माहिती भरावयास बसलेले असतात. पाऊण तास भरलेले पान जतन करण्याच्या वेळी अडकते, मुलीचा पाठ मध्येच थांबतो, आजीचा चेहरा पडद्यावर गोठतो. मग एकच निष्कर्ष निघतो : वेग पुरत नाही. दुसऱ्याच दिवशी महिन्याला दोन-तीनशे रुपये अधिक मोजून मोठा प्लॅन घेतला जातो, आणि आठवड्याने पाहावे तो सायंकाळची स्थिती जवळपास पूर्वीचीच. शिक्षकाच्या पगारातून जाणारे हे पैसे पुष्कळदा व्यर्थ जातात. कारण खोट बाहेरून येणाऱ्या प्रवाहात नसून घरातल्या घरात असते. नळाला पाणी पुरेसे येते, परंतु माजघरापर्यंत पोहोचेतो ते वाटेतच मुरते, असा हा प्रकार होय.

प्रथम ही वाट नीट पाहिली पाहिजे. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याची केंद्र शासनाची योजना २०११ साली मंजूर झाली आणि २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. त्या तारेवरून असो वा एखाद्या खासगी पुरवठादाराच्या तारेवरून, माहिती घरापर्यंत प्रकाशाच्या रूपाने येते. घरातील लहानशा पेटीत त्या प्रकाशाचे विद्युत्‌संकेतात रूपांतर होते, आणि तेथून राउटर नावाचे यंत्र ते संकेत रेडिओलहरींच्या रूपाने खोलीभर पसरविते. काही ठिकाणी ही दोन्ही कामे एकाच पेटीत होतात. म्हणजे वाटेचे दोन टप्पे झाले : एक तारेचा व दुसरा हवेचा. प्लॅनचे पैसे पहिल्या टप्प्याचे असतात. तक्रारी बहुधा दुसऱ्याविषयी असतात.

यात एककाचा एक नेहमीचा गोंधळ आहे. प्लॅनमध्ये वेग एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट, असा सांगितलेला असतो. उलट एखादी फाइल उतरवून घेताना पडद्यावर बहुधा मेगाबाइट दिसतात. आठ बिटांचा एक बाइट होतो. सबब ४० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला पाच मेगाबाइट या गतीने उतरली, तर पुरवठादाराने फसविले असे समजण्याचे कारण नाही.

आता गरजेचा हिशेब करावा. साध्या स्पष्टतेच्या व्हिडिओ पाठाला साधारणतः एक ते तीन, उच्च स्पष्टतेच्या चित्राला सुमारे पाच आणि चित्रसंभाषणाला येण्याच्या व जाण्याच्या अशा दोन्ही दिशांनी एक ते चार एमबीपीएस लागतात. वर वर्णन केलेल्या घरात दूरचित्रवाणीला पाच, पाठाला तीन, संभाषणाला चार आणि गुरुजींच्या माहितीपत्रकाला, जे मुख्यतः अक्षरे व आकडे यांचेच असते, अर्ध्याहूनही कमी धरले तरी बेरीज तेराच्या आत राहते. ज्या घरी ४० एमबीपीएसची जोडणी आहे तेथे या चौघांची सोय सहज व्हावयास हवी. ती होत नसेल, तर १०० ची जोडणी घेऊन होईल हे संभवत नाही.

हे तर्काने मानण्यापेक्षा मोजून पाहणे बरे. एखाद्या वेगमापक संकेतस्थळावर तीन मापे घ्यावीत. पहिले माप लॅपटॉप राउटरला तारेने जोडून, इतर सर्व उपकरणे बंद असताना घ्यावे. दुसरे तार काढून, राउटरपासून दोन हातांवर बसून. आणि तिसरे, जेथे अडचण येते त्या नेहमीच्या जागी बसून. पहिलेच माप प्लॅनच्या मानाने फार कमी आले, तर तक्रार पुरवठादाराकडे करावी. घरात कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. पहिले व दुसरे ठीक येऊन तिसरे पडले, तर दोष जागेचा. तिन्ही ठीक येऊनही सायंकाळीच रडकथा होत असेल, तर वाटणीचा प्रश्न आहे असे समजावे. ही मापे तारीख व वेळ घालून वहीत नोंदून ठेवावीत. एका दिवसाच्या मापावरून निर्णय करू नये.

वाटणीचा प्रश्न समजण्यासाठी बिनतारी जाळ्याचा मूळ स्वभाव जाणून घेणे अगत्याचे आहे. हवा सर्वांना मिळून एकच असते. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलावे. दोघे एकदम बोलले तर कोणाचेच कळत नाही. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनी १९७१ साली निरनिराळ्या बेटांवरील यंत्रे रेडिओने मध्यवर्ती संगणकाला जोडली. त्या जाळ्याचे नाव अलोहानेट. त्यात ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा बोलावे, उत्तर आले नाही तर थोडा वेळ थांबून पुन्हा बोलावे, असा साधा नियम होता. गणिताने असे दिसून आले की, या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेचा फार तर १८ टक्के भाग कामी येतो. बाकीचा काळ टकरींत व स्तब्धतेत जातो. आजच्या वाय-फायने, ज्याचे पहिले मानक १९९७ साली ठरले आणि ज्याचा वेग त्या वेळी फक्त २ एमबीपीएस होता, यात एक सुधारणा स्वीकारली : बोलण्यापूर्वी ऐकावे. कोणी बोलत असेल तर थांबावे, तो थांबल्यावरही लगेच तोंड न उघडता एक अनियमित क्षणभर वाट पाहावी, आणि मग बोलावे. चांगल्या वर्गातील शिस्तच ही. पण शिस्तीलाही वेळ लागतो, आणि पाहुणे वाढले की हा वेळ वाढत जातो. राउटरच्या पेटीवर छापलेला ३०० वा १२०० असा आकडा घरात कधीच अनुभवास येत नाही, त्याचे एक कारण हेच होय.

याहून महत्त्वाची, आणि बहुतेकांस अपरिचित, अशी गोष्ट पुढे आहे. राउटर प्रत्येक उपकरणाशी एकाच गतीने बोलत नाही. जवळच्या, स्पष्ट ऐकू येणाऱ्या उपकरणाशी तो भरभर बोलतो. दूरच्या, भिंतीआडच्या उपकरणाशी त्याला सावकाश व ठळकपणे बोलावे लागते. समजा, घरात पाच उपकरणे आहेत व पाचही राउटरच्या खोलीत १२० एमबीपीएस गतीने बोलू शकतात. माहितीचा एक पुडका साधारण १२,००० बिटांचा असतो. तो पाठविण्यास या गतीने एक मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. पाचांची एक पाळी अर्ध्या मिलिसेकंदात पुरी होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला २४ एमबीपीएस येतात. आता त्यांतील एक मोबाइल कोणी मागच्या पडवीत घेऊन गेले. मध्ये दोन भिंती आल्या, आणि त्याची गती ६ वर उतरली. त्याच्या एकाच पुडक्याला आता दोन मिलिसेकंद लागतात. चौघांचे मिळून ०.४ आणि त्याचे एकट्याचे २, अशी पाळी २.४ मिलिसेकंदांची झाली. प्रत्येकास पाळीत एकच पुडका मिळतो. म्हणून प्रत्येकाचा वेग ५ एमबीपीएस. पडवीतल्याचा तर कमी झालाच, परंतु राउटरशेजारी बसलेल्या चौघांचाही २४ वरून ५ वर आला! साऱ्या घराची बेरीज १२० वरून २५ झाली. शिष्टाचारात जाणारा वेळ येथे हिशेबात धरलेला नाही. तो धरल्यास आकडे आणखी खाली येतील. शंभराचा प्लॅन घेऊनही घरात पंचवीसच का मिळतात, याचे उत्तर या अंकगणितात आहे, आणि सातवीच्या मुलांकडून ते फळ्यावर सोडवून घेण्यास काहीच हरकत नाही.

काही नव्या राउटरांत पाळ्यांऐवजी वेळ समान वाटण्याची सोय असते. त्यामुळे जवळच्यांचे नुकसान पुष्कळ टळते, पण पडवीतला मात्र आणखी मागे पडतो. वर्गात सावकाश वाचणाऱ्या मुलाची पाळी कमी करणे हा काही उपाय नव्हे. तो सावकाश का वाचतो ते पाहिले पाहिजे. येथे तर कारण उघड आहे. तो मोबाइल मंद नाही, राउटर त्याच्यापासून दूर ठेवला आहे.

आणि राउटर बहुधा चुकीच्याच जागी असतो. तार ज्या खिडकीतून आत आली तेथेच, जोडणाऱ्या माणसाच्या सोयीने, तो लावलेला असतो : कधी दाराच्या मागे, कधी लोखंडी कपाटावर कोपऱ्यात, कधी दूरचित्रवाणीच्या पाठीमागे दडवून. रेडिओलहरींना धातूतून जाता येत नाही, त्या परत फिरतात. पाणी त्यांना शोषून घेते. म्हणून लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी, पितळी भांड्यांची मांडणी, शीतकपाट, पाण्याची टाकी आणि मोठा आरसा, ज्याच्या पाठीस धातूचा लेप असतो, ही सारी राउटर व उपकरण यांच्यामध्ये येणार नाहीत असे पाहावे. घराच्या भिंतीही सारख्या नसतात. कुडाची वा लाकडी भिंत लहरींना फारशी अडवीत नाही. विटांची काही अंशी अडविते. काळ्या दगडाची दोन-अडीच हात रुंदीची जुनी भिंत, जी देशावरील अनेक घरांत आहे, ती मात्र लहरींना जवळजवळ गिळून टाकते, आणि पावसाळ्यात मातीच्या भिंतीत ओल मुरली म्हणजे तिची अडवणूक आणखी वाढते. लोखंडी सळयांचा स्लॅब वरच्या मजल्याची वाट अवघड करतो. पत्र्याचे छप्पर लहरी परत फिरविते, म्हणून पत्र्याखालच्या खोलीत त्या आतल्या आत घुमतात.

या घुमण्याविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. विजापूरच्या गोल घुमटात एक शब्द उच्चारला की त्याचे अनेक प्रतिध्वनी येतात आणि भरभर बोलणाऱ्याचे काहीच समजत नाही. खोलीतील रेडिओलहरींची अवस्था नेमकी तशीच होते. भिंतीभिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या शासकीय संशोधनसंस्थेत जॉन ओ'सलिव्हन व त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात यावर तोड काढली. एकाच आवाजात भरभर बोलण्याऐवजी अनेक निरनिराळ्या स्वरांत एकदम, पण प्रत्येक स्वरात सावकाश बोलावे, असे तिचे सार सांगता येईल. ओ'सलिव्हन हे मूळचे रेडिओ-खगोलशास्त्राचे अभ्यासक होते. त्यांच्या या पद्धतीला १९९६ साली अमेरिकेत पेटंट मिळाले.

राउटर घराच्या मध्यभागी, पुरुषभर उंचीवर, उघड्यावर ठेवावा. त्यासाठी दहा-पंधरा मीटर तार वाढवावी लागली तरी तो खर्च मोठ्या प्लॅनच्या एका महिन्याच्या वाढीव रकमेपेक्षा बहुधा अधिक होत नाही, आणि तो एकदाच करावयाचा असतो. त्याच्या दांड्या, म्हणजे अँटेना, एकमजली घरात उभ्या ठेवाव्यात. दांडीच्या टोकाच्या दिशेने लहरी क्षीण असतात आणि आडव्या दिशेने बलवान. माडी असल्यास एक दांडी आडवी करून पाहावी. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेतदेखील मिळणारी शक्ती चौथाई होते, हे प्रकाशाविषयी शिकविलेले सूत्र येथेही तंतोतंत लागू आहे. मोबाइलवरच्या रेघांवर मात्र भिस्त ठेवू नये. त्या रेघा राउटरचा आवाज मोबाइलला किती ऐकू येतो एवढेच सांगतात. मोबाइलचा क्षीण आवाज राउटरपर्यंत पोहोचतो की नाही, हे त्या सांगत नाहीत.

लहरींचे मुख्य पट्टे दोन आहेत : २.४ गिगाहर्ट्झचा आणि ५ गिगाहर्ट्झचा. पहिल्याची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्याची सुमारे सहा. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात याहूनही आखूड, पाच मिलिमीटरपर्यंतच्या लहरींवर प्रयोग केले होते, ही गोष्ट विज्ञानाच्या तासाला आवर्जून सांगण्यासारखी आहे. २.४ चा पट्टा भिंतीपलीकडे दूरवर पोहोचतो, पण तो अरुंद व गर्दीचा आहे. ब्लूटूथ त्याच पट्ट्यात चालते, आणि मायक्रोवेव्ह शेगडीही तेथेच गोंगाट करते. ५ चा पट्टा विस्तीर्ण व वेगवान, पण भिंतींना हार जाणारा. म्हणून राउटरच्या खोलीतील दूरचित्रवाणी व लॅपटॉप ५ वर, आणि पडवीतला वा माडीवरचा मोबाइल २.४ वर, अशी विभागणी करावी. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे देता येतात, त्यामुळे कोण कोठे आहे हे घरातील सर्वांना कळते. जुन्या मोबाइलांना आणि स्वस्तातल्या काही राउटरांना ५ चा पट्टा नसतोच; राउटर विकत घेतेवेळी एवढे विचारून घ्यावे.

तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या शिक्षकांना शेजाऱ्यांच्या राउटरांचाही उपद्रव होतो. २.४ च्या पट्ट्यात वाहिन्यांचे क्रमांक आपल्याकडे १ ते १३ आहेत खरे, परंतु प्रत्येक वाहिनी सुमारे चार क्रमांकांइतकी रुंद असते. एकमेकींत न मिसळणाऱ्या वाहिन्या म्हणून १, ६ व ११ याच वापरण्याचा प्रघात आहे. एकाच वऱ्हांड्यात दोन वर्ग भरविणाऱ्या द्विशिक्षकी शाळेतील गुरुजींना हे चटकन पटेल. दोघांना एकमेकांचे बोलणे स्पष्ट ऐकू येत असेल, तर एक बोलताना दुसरा थांबतो आणि निभावते. परंतु शब्द न कळता नुसता गलबला ऐकू येत असेल, तर कोणीच थांबत नाही आणि दोन्ही वर्गांचे नुकसान होते. ३ क्रमांकाची वाहिनी निवडणारा शेजारी १ व ६ या दोघींनाही असाच गलबला ऐकवितो. सबब या तिघींतील जी मोकळी असेल ती निवडावी आणि वाहिनीची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. खेड्यात सुट्या घरी राहणाऱ्यांनी याची विवंचना करू नये.

मापे ठीक येऊनही बोलणे तुटत असेल, तर जाणाऱ्या दिशेकडे पाहावे. शाळेतील कार्यक्रमाची छायाचित्रे मोबाइल आपोआप दूरच्या साठ्याकडे पाठवू लागतो, हे अनेकांच्या गावीही नसते. जाण्याचा वेग समजा ४ एमबीपीएस आहे आणि यंत्रात एक मेगाबाइट, म्हणजे आठ मेगाबिट माल रांगेत थांबला आहे. मागून आलेल्या प्रत्येक शब्दाला पुढची रांग सरेपर्यंत दोन सेकंद थांबावे लागते. संभाषण नैसर्गिक वाटण्यास एका दिशेचा विलंब सेकंदाच्या सातव्या हिश्श्याच्या आत असावा लागतो; दोन सेकंदांच्या विलंबाने कोणाही प्रशिक्षणार्थ्याचे बोलणे हास्यास्पद होते. छायाचित्रांची पाठवणी व यंत्रांची अद्ययावतीकरणे रात्री अकरानंतर व्हावीत अशी योजना मोबाइलमध्येच करता येते. राउटरमध्ये प्राधान्यक्रमाची सोय असल्यास प्रशिक्षणाच्या लॅपटॉपला अग्रक्रम द्यावा.

जे उपकरण जागचे हलत नाही ते तारेने जोडावे, हा या सर्व विवेचनातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. दूरचित्रवाणी तारेवर गेली की हवेतील सर्वांत मोठा भार उतरतो. साधी लॅन केबल शंभर मीटरपर्यंत निर्वेध चालते. दूरच्या खोलीसाठी बाजारात मिळणारे लहरी पुढे ढकलणारे स्वस्त यंत्र घेण्यापूर्वी विचार करावा : त्यात एकच रेडिओ असल्यास प्रत्येक पुडका त्याच हवेत दोनदा बोलावा लागतो, आणि वेग सुमारे निम्मा होतो. त्याच्याऐवजी दुसरा राउटर तारेने जोडून त्या खोलीत ठेवणे केव्हाही श्रेयस्कर. २०२१ साली मंजूर झालेल्या मानकाचे, वाय-फाय ६ या नावाचे राउटर अनेक उपकरणांना एकाच वेळी थोडेथोडे देऊ शकतात. पण त्याचा पूर्ण लाभ उपकरणेही त्याच मानकाची असल्यासच होतो.

हेच सारे शाळेतही लागू पडते, आणि तेथे त्याचे महत्त्व अधिक आहे. वीस टॅबलेटांवर वीस मुलांनी एकच पाठ एकदम सुरू केला, तर प्रत्येकी दीड एमबीपीएस धरूनही तीस लागतात, आणि तीच माहिती वीस वेळा हवेतून न्यावी लागते. मग राउटर मुख्याध्यापकांच्या टेबलाशेजारी असेल तर पुढच्या रांगेतील मुलांचे टॅबलेट चालतात, शेवटच्या रांगेतील मुले फिरते वर्तुळ पाहत बसतात. दोन-तीन दिवसांत ती मुले टॅबलेटच मागेनाशी होतात, आणि मुलांना रस नाही असा शेरा पडतो. २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या उपयोजनातील पाठ आदल्या दिवशी उतरवून ठेवता येतात. वर्गात त्यासाठी जोडणी लागतच नाही. जो पाठ सर्वांनी एकत्र पाहावयाचा तो एकाच मोठ्या पडद्यावर दाखवावा, आणि राउटर वर्गखोलीच्या मध्यावर, उंच भिंतीवर, मुलांच्या हाती न येईल असा लावावा.

पासवर्ड नसलेले जाळे वेगाच्या दृष्टीनेही घातक असते. पारावर बसलेली मंडळी त्यावर चित्रपट पाहतात आणि कागदोपत्री जबाबदारी जोडणी ज्याच्या नावे असेल त्याच्यावर येते. डब्ल्यूपीए २ वा ३ ही सुरक्षा निवडून पासवर्ड लांब ठेवावा, आणि पाहुण्यांसाठी राउटरमधील वेगळे अतिथी-जाळे सुरू करावे.

राहता राहिला विजेचा प्रश्न. भारनियमनाच्या वेळी घरातील दिवे इन्व्हर्टरवर चालतात, परंतु राउटर बंद पडतो. अशा वेळी राउटरसाठी लहान बॅटरी आणली जाते, आणि तरीही जोडणी मिळत नाही. कारण प्रकाशाचे संकेतात रूपांतर करणारी दुसरी पेटी विजेविना तशीच राहिलेली असते. घरात पेट्या दोन असतील तर बॅटरी दोघींना पुरेल अशीच घ्यावी, आणि तिचा व्होल्ट-आकडा दोन्ही पेट्यांवर छापलेल्या आकड्यांशी दुकानातच ताडून पाहावा.